सूर्याकडे पाठ

हनीफभाई सूर्यास्ताकडे पाठ करून बसत.

दर शनिवारी आम्ही चौघं रामशेजचा गड चढायचो, ते वर जाऊन सूर्य मावळताना बघायला. तिघं पश्चिमेकडे तोंड करून बसायचो. हनीफभाई मात्र आमच्या समोर मांडी घालायचे आणि आमच्या तोंडांकडे बघत राहायचे. भास्कर म्हणायचा, "चाचा, सिनेमाला यायचं आणि पडद्याकडे पाठ करून प्रेक्षक बघायचे, असं चाललंय तुमचं." हनीफभाई हसायचे. "मला तुमच्या तोंडावर दिसतो ना सूरज. लाल झाला की नाही, ते तुमच्यावरून कळतं."

आम्हाला हे फार रसिक वाक्य वाटायचं. वैशालीने ते सूर्यास्ताच्या फोटोखाली लिहून ग्रुपवर टाकलंही होतं. खरं कारण साधं होतं आणि ते आम्हाला पावणेदोन वर्षं कळलं नाही. हनीफभाईंना ऐकू येत नव्हतं. मावळतीचा उजेड आमच्या चेहऱ्यांवर पडायचा आणि त्या उजेडात ते आमचं बोलणं ओठांवरून वाचायचे. सूर्य गेला की त्यांचे कान गेले.

म्हणूनच त्यांचा एकुलता एक नियम होता. सूर्याची कड क्षितिजाला टेकली की उठायचं. बुडायची वाट बघायची नाही, मागचे रंग बघायचे नाहीत. "टेकला. चला," असं म्हणून ते पँट झटकत उभे राहायचे. आम्ही कुरकुरत उठायचो. "चाचा, बिबट्या तुमचीच वाट बघत बसलाय का हो?" असं भास्कर दर शनिवारी विचारायचा आणि दर शनिवारी त्यांचं उत्तर एकच असायचं. "हां, हां, बराबर."

माझी आणि त्यांची ओळख पडद्यांमुळे झाली. आमच्या इमारतीच्या खाली, कोपऱ्यावरच्या गाळ्यात त्यांचं पडदे शिवण्याचं दुकान होतं. त्याआधी तीस वर्षं ते मालेगावला यंत्रमागावर होते. मुलगी लग्न होऊन नाशिकला आली, बायको वारली, तेव्हा तेही इकडे आले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. "मागची खोली. दोन खिडक्या. निळा कपडा, साडेचार फूट. अस्तर नको. बराबर?" मी खूश झाले. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. सांगितलेलं परत म्हणून दाखवणारा माणूस माझ्या कामात लाखमोलाचा. त्यांना प्रत्येक वाक्य तपासून घ्यावं लागत होतं, हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, हा माझ्या जातकुळीचा माणूस.

त्यांच्या मशीनच्या बरोबर समोर भिंतीवर एक मोठा आरसा होता. गिऱ्हाइकाला पडदा लावून दाखवायला असेल, असं मी धरून चालले. पण मशीन चालवताना त्यांची पाठ दाराकडे असायची आणि आत कोण आलं, काय म्हणतंय, ते त्यांना त्या आरशात दिसायचं. दुकानात रेडिओ नव्हता. फोन नेहमी मुलीकडे असायचा. हे सगळं माझ्यासमोर होतं. मी रोज तीन हजार वस्तूंचा हिशेब ठेवते, एक वॉशर कमी पडला तर मला कळतं.

डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, म्हणून मीच म्हटलं, शनिवारी आमच्याबरोबर चला. आमची फेरी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मी, माझ्या कारखान्यातली वैशाली, आणि दिंडोरीकडच्या एका शाळेत शिकवणारा भास्कर. शिवाय आमच्या इमारतीतले कुलकर्णीकाका. फेरीची वही अर्थातच माझ्याकडे. त्यात सामान, वेळा, गाडीत कोण कुठे बसणार आणि नियम, सगळं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे कुठे आहात, दोन म्हणजे माझ्याकडे या, तीन म्हणजे आहात तिथे थांबा. वर पोहोचल्यावर सगळ्यांचे फोन माझ्या पिशवीत, कारण माणसं सूर्यास्त फोनमधूनच बघायला लागली होती. फोटोपुरता एकच फोन बाहेर, तो वैशालीचा. आणि प्रत्येकाच्या तब्येतीचं एक पान. रक्तदाब, साखर, दम, गुडघे, डोळे, कान. ज्याने त्याने स्वतःच्या हाताने भरायचं आणि खाली सही करायची.

हनीफभाईंनी कानापुढे लिहिलं होतं, ठीक.

त्यांनी ते का लिहिलं, हे सांगायचं तर कुलकर्णीकाकांचं सांगायला हवं. काकांच्या गुडघ्याने चौथ्या शनिवारी दगा दिला. त्यांना पायऱ्यांवरून उतरवायला आम्हाला दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं नाव खोडलं. पट्टी लावून, सरळ रेघ. पडद्यांच्या कड्या आणायला मी हनीफभाईंच्या दुकानात गेले होते, वही तिथल्याच टेबलावर ठेवून खोडलं. हनीफभाई बघत होते.

"मग आता ते शनिवारी काय करणार?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं ते बघतील. नियम म्हणजे नियम."

"हां, हां," ते म्हणाले. बराबर म्हणाले नाहीत. त्यानंतर आठवडाभराने मी तब्येतीची पानं वाटली.

गाडीत बसले की हनीफभाई डोळे मिटून घ्यायचे. वैशाली म्हणायची, "चाचा झोपले म्हणजे गाडी पेठ रस्त्याला लागली." गाडीत सगळ्यांची तोंडं पुढे असतात, एकाचंही दिसत नाही, मग माणूस दुसरं काय करणार. पण गडावर ते अगदी जागे असायचे. वाटेतल्या देवळाच्या गुहेपाशी आम्ही चपला काढून आत जायचो, ते बाहेर चौथऱ्यावर बसून आमची चपला-बुटं ओळीने लावून ठेवायचे. वर गेलं की चिवडा, पेरू आणि त्यांच्या मुलीने दिलेल्या नानखटाया. आणि मग शेडच्या गोष्टी.

त्यांच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग होते. ते एकदम चालतात तेव्हा शेजारच्या माणसाने कानात ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून सगळे हातांनी आणि तोंडाने बोलायचे, आवाज न काढता, ओठ मोठे हलवून. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी घरची भांडणंसुद्धा बोलायचा. हनीफभाईंनी आम्हाला त्यातल्या खुणा शिकवल्या. दोन बोटं जुळवून झटकन वेगळी केली की धागा तुटला. दोन मुठी एकमेकींवर फिरवल्या की गाठ मार, म्हणजे जोड. दोन्ही मनगटं डोक्यावर फुली करून एकदम बाजूला सोडली की माग बंद कर, आहे तिथे, आत्ताच्या आत्ता. आणि वरच्या ओठावरून एक बोट फिरवलं की मालक आला, कारण त्यांच्या मालकाला मिशी होती. ही शेवटची खूण आमच्यात फार चालली. मी पिशवीतून वही काढली की भास्कर आणि वैशाली दोघंही ओठावरून बोट फिरवायची. हनीफभाई तोंड दाबून हसायचे.

एकदा वैशालीने विचारलं होतं, "एवढ्या आवाजात कान कसे राहिले हो चाचा?"

"शेडमध्ये कान कशाला लागतात, बेटी?" ते म्हणाले. आम्ही हसलो. तिथे कुणीतरी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.

तो शनिवार द्राक्षांच्या फवारणीच्या दिवसांतला. गडाच्या पायथ्याला गाडी लावली तेव्हा खालच्या बागांमधून ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा घरघराट चालू होता. मी आदल्या रात्रीच ठरवलं होतं की आज मागचे रंग बघायचेच. सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांबायचं, टॉर्च दोन आहेत, वाट पाठ आहे. मी वहीत तसं लिहिलं आणि गाडीजवळ सगळ्यांना वाचून दाखवलं. हनीफभाई खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"हनीफभाई, चालेल ना?" मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत होतो. "हां, हां, बराबर," ते म्हणाले.

"बघा, चाचा सुधारले," भास्कर म्हणाला. मी वहीत बरोबरची खूण केली.

एरवी सूर्य टेकायच्या आधी अर्धा तास आम्ही सगळे एका जागी बसलेले असायचो. त्या दिवशी हाताशी वेळ आहे म्हणून वैशाली भटकायला निघाली. माथ्याच्या एका अंगाला डोंगराला खोल खाच आहे. खाचेच्या पलीकडच्या कड्यात खडकात खोदलेल्या सात-आठ पायऱ्या उतरल्या की एक पट्टी लागते, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. तिथून खालच्या द्राक्षबागांचा फोटो चांगला येतो, असं तिच्या डोक्यात होतं. बॅग आमच्याजवळ टाकून ती गेली. शिट्टी बॅगेत होती.

वीस मिनिटं झाली तरी ती येईना, तेव्हा भास्कर उठला. "मी घेऊन येतो. ताई, तुम्ही चहा ओता." तो खाचेला वळसा घालून पलीकडे जायला निघाला. मी थर्मास उघडला आणि हनीफभाईंना म्हणाले, "ही पोरगी वेळ पाळेल तर शपथ." ते माझ्याकडे बघत नव्हते. ते उभे राहिले होते आणि खाचेकडे बघत होते.

"ताई, इकडे या."

मी त्यांच्याजवळ, अलीकडच्या काठावर गेले. पलीकडे, आमच्यापेक्षा खाली, त्या पट्टीवर वैशाली उभी होती. सूर्य आमच्या पाठीशी होता आणि तिच्यावर पिवळाधमक उजेड पडला होता. ती दोन्ही हात हलवत होती. मीही हात हलवला.

"फोटोसाठी करतेय," मी त्यांच्याकडे तोंड वळवून म्हणाले.

"नाही. तोंड बघा तिचं."

मी बघितलं. मला नुसतं उघडझाप करणारं तोंड दिसलं. वारा आमच्या पाठीमागून तिच्याकडे वाहत होता आणि त्यात खालचा ब्लोअर. आवाजाचा मागमूस नव्हता.

"पायरी गेली म्हणते," हनीफभाई म्हणाले. "वरची पायरी तुटली. फोन खाली पडला."

"तुम्हाला ऐकू आलं?"

ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्या बाजूला उभी होते, समोर नव्हते.

"आमच्या शेडएवढंच आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. बस."

तेवढ्यात पायऱ्यांच्या वरच्या तोंडाशी भास्कर दिसला. मधे खडकाचा फुगवटा असल्यामुळे त्याला ती दिसत नव्हती, तिला तो दिसत नव्हता. आम्हाला दोघंही दिसत होते. त्याने बसून पहिल्या पायरीच्या जागी पाय सोडला आणि त्याच्या टाचेखालून दगडांचा एक लोंढा सुटला. वैशालीने डोक्यावर हात घेतले आणि ती कड्याला चिकटली. दगड तिच्या खांद्यावरून खाली गेले. मग तिने वर तोंड करून काहीतरी ओरडून सांगितलं आणि पुन्हा आमच्याकडे वळून तेच सांगितलं.

"'वरून येऊ नका,'" हनीफभाई म्हणाले. "'दगड सुटतायत, वरून येऊ नका.' ताई, त्याला थांबवा."

मी शिट्टी तोंडात धरली आणि तीन वेळा फुंकली, फुफ्फुसं फाटतील अशी. तीन म्हणजे आहात तिथे थांबा. भास्करने मान वर करून आमच्याकडे बघितलं, हात हलवून 'आलो, आलो' असं दाखवलं आणि दुसरा पाय सोडला. पुढे त्याने मला सांगितलं, "तीन म्हणजे मोठा धोका, म्हणून मी घाई केली." शिट्ट्यांचा अर्थ वहीत लिहिलेला होता. खाली त्याची सही होती. मी पुन्हा तीन फुंकल्या. तो आणखी घाईने खाली सरकायला लागला.

हनीफभाईंनी मला मागे सारलं, काठाजवळच्या एका खडकावर चढले आणि दोन्ही मनगटं डोक्यावर फुली करून धरली. त्यांच्यामागे आकाश तांबडं होतं, त्यावर ती फुली काळी आणि स्वच्छ दिसली असणार. मग हात एकदम बाजूला सोडले.

भास्करचा पाय हवेत थांबला.

त्यांनी पुन्हा तीच खूण केली. भास्करने पाय वर घेतला, हळूच मागे सरकला आणि पायऱ्यांच्या डोक्यावर बसून राहिला. दोन-तीन खडे पडले, मग पडायचे थांबले.

आता मला दुसरी गोष्ट दिसली. आमच्या काठाची सावली पलीकडच्या कड्यावर पडत होती आणि ती वर चढत होती. वैशालीचे बूट सावलीत गेले होते.

"बोलायला सांगा तिला," मी म्हणाले. ते बघत नव्हते, म्हणून मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं, मी वाक्य परत म्हटलं आणि त्यांनी वैशालीला हाताने खूण केली. बोल. तिला ते कळलं. ती बोलायला लागली, शेडमधल्या माणसांसारखी, तोंड मोठं उघडून. कधीतरी गंमत म्हणून शिकली होती.

"'खाली एक बाई आहे,'" हनीफभाई म्हणत होते. "'गवत कापते. ती म्हणते... गुरांची वाट आहे. पट्टीच्या टोकापासून. तिला माहीत आहे.'"

सावली गुडघ्यांवर आली. मग कमरेवर.

"मग जा म्हणावं तिच्याबरोबर. खाली उतर. विचारा, पाय ठीक आहे का?"

"थांबा, ताई. ती बोलतेय. 'बाई वर येते मला घ्यायला. मी तिच्याबरोबर जाते. भास्करला थांबवा. तुम्ही...'"

सावली तिच्या गळ्यावरून हनुवटीवर गेली. हनीफभाईंनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"तुम्ही काय?" मी विचारलं. "तुम्ही थांबा की तुम्ही उतरा? हनीफभाई, तुम्ही काय?"

त्यांनी मान हलवली. "गेलं. आता मला ऐकू येत नाही."

ते तसंच म्हणाले. दिसत नाही असं म्हणाले नाहीत. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो.

विचारायला वेळ नव्हता. पलीकडे अजून उजेड होता, माणूस दिसत होता, फक्त ओठ दिसत नव्हते. हनीफभाईंनी पुन्हा हात वर केले. आधी आमच्याकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, मग दोन मुठी एकमेकींवर फिरवल्या आणि तळवे उलगडून विचारलं. कुठे जोडायचं? वैशालीने दोन्ही हातांनी खाली दाखवलं आणि मुठी फिरवल्या. खाली भेटू. थोड्या वेळाने पट्टीच्या टोकाशी एक पदर खोचलेली बाई दिसली. तिने वैशालीच्या मनगटाला धरलं आणि त्या दोघी खडकाआड गेल्या.

भास्कर वळसा घालून परत येईपर्यंत सूर्य बुडाला होता. मागचे रंग म्हणजे काय ते मी त्या दिवशीही बघितलं नाही.

उतरताना भास्कर पुढे, मग हनीफभाई, मागे मी. देवळाच्या गुहेपर्यंत ठीक होतं. तिथून पुढे झाडीत अंधार दाटला. एका वळणावर वाट डावीकडे जाते आणि समोर नुसती घसरण आहे. भास्कर वळला. हनीफभाई सरळ निघाले.

"डावीकडे," मी म्हणाले. "हनीफभाई, डावीकडे. हनीफभाई."

ते चालतच राहिले. मी धावत जाऊन त्यांच्या शर्टाला मागून धरलं. त्यांच्या बुटाच्या टोकापुढून माती खाली गेली. ते वळले. माझी टॉर्च त्यांच्या तोंडावर होती आणि त्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"असं नाही, ताई," ते म्हणाले. त्यांनी माझं मनगट धरून टॉर्च माझ्याच चेहऱ्याकडे फिरवली. "आता बोला."

टॉर्चने डोळे दिपले होते.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"माग सोडायच्या आधीपासून. आवाज येतो, शब्द येत नाही. मशीन लावून बघितली कानात. सगळाच गोंगाट मोठा होतो, अख्खी शेड परत डोक्यात येते."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर पट्टी लावून रेघ मारली असती ना तुम्ही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांच्या दुकानात आलेला प्रत्येक कपडा ते असाच मोजून सांगायचे. "मुलगी दिवसभर कामावर. दुकानात लोक मापं सांगतात आणि जातात. गप्पा फक्त शनिवारी. कुलकर्णीसाहेब आता बागेत एकटे बसतात. मी बघतो जाता-येता."

भास्कर परत वर आला. "काय झालं? ताई, टॉर्च खाली घ्या, भूत दिसताय."

मी टॉर्च खाली घेतली नाही. बाकीची सगळी उतरण मी पुढे उलटी होऊन, दर वळणावर थांबून, स्वतःच्या तोंडावर उजेड मारत सांगितली. डावीकडे. मोठी पायरी. इथे बसून उतरा. ते प्रत्येक वाक्य परत म्हणत होते. "डावीकडे. मोठी पायरी. बराबर."

पायथ्याशी गाडीजवळ वैशाली बसली होती. कोपर खरचटलं होतं, बाकी धड होती. शेजारी गवताचा भारा टेकवून ती बाई उभी होती. तिने आम्हाला तिघांना नीट बघून घेतलं.

"आमच्या शेळ्या रोज येतात हितून, आन ही भिंतीला धरून रडत व्हती," ती म्हणाली. "एवढं शिकल्याली मानसं, आन खाली वाट हाय का नाय ते इचारायचं नाय व्हय?"

वैशालीने उठून हनीफभाईंचे दोन्ही हात धरले. काही बोलली नाही. बहुतेक त्या अंधारात बोलून उपयोग नाही, हे तिला आमच्याआधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हनीफभाई माझ्या दाराशी आले. हातात नानखटायांचा डबा होता. मी दार उघडलं तसे ते म्हणाले, "ताई, वही आणा. कानापुढे मी खोटं लिहिलं. खोडून टाका नाव."

मी वही आणली. त्यांच्या पानावर 'ठीक' खोडलं आणि तिथे 'उजेडात ठीक' असं लिहिलं. मग पहिल्या पानावरचे नियम खोडले. शिट्ट्यांचे तिन्ही अर्थ खोडले आणि तिथे लिहिलं, मनगटं फुली म्हणजे थांबा. फोन ज्याचा त्याच्याकडे. सूर्य टेकला की उठायचं. अंधार पडला तर टॉर्च बोलणाऱ्याने स्वतःच्या तोंडावर धरायची. त्यांनी समोर बसूनच सगळं उलट्या बाजूने वाचलं आणि शेवटी वरच्या ओठावरून बोट फिरवलं.

कुलकर्णीकाकांकडेही मी गेले. निदान पायथ्यापर्यंत चला, गाडीत बसून बागा बघा, असं म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

त्यानंतर वर्षभर आम्ही चौघं गेलो. हनीफभाई सूर्याकडे पाठ करूनच बसत. पण आता आम्ही तिघं बोलताना मान खाली घालत नव्हतो, तोंडात चिवडा असताना बोलत नव्हतो आणि एकाच वेळी दोघं बोलत नव्हतो. भास्कर म्हणाला, शाळेत मुलांना एवढं जमलं तर मी निवृत्त व्हायला मोकळा. गाडीत मी हनीफभाईंना पुढे बसवायला लागले आणि त्यांना मागच्यांची तोंडं दिसतील असा एक छोटा आरसा लावला. ते गाडीत झोपायचे थांबले. त्यांना सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत कुणाच्याही भांडणाची माहिती असते, हे तेव्हा कळलं.

मग मुलीच्या नवऱ्याची बदली धुळ्याला झाली आणि हनीफभाईंनी मालेगावला भावाकडे राहायचं ठरवलं. दुकानातला आरसा त्यांनी मला दिला. निघायच्या दिवशी मी एकटीच स्टँडवर गेले, भास्करची शाळा होती आणि वैशाली कामावर. संध्याकाळचे पाच वाजले असतील. एसटी फलाटाला लागली होती, इंजिन चालू होतं, खिडकीची काच बंदच अडकलेली. ते आत बसले आणि काचेतून माझ्याशी बोलायला लागले.

मला एक अक्षर ऐकू आलं नाही. इंजिन, हॉर्न, फलाटावरची घोषणा. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. काही कळेना. शेवटी मी हसून मान हलवली आणि म्हणाले, "हां, हां, बराबर."

त्यांनी लगेच ओळखलं. बोलणं थांबवलं, डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले, इतके की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. मग त्यांनी पुन्हा सांगितलं. हळू, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द वेगळा करून, शेडच्या त्या टोकाला सांगावं तसं.

यादीत. नाव. राहू द्या.

मी पिशवीतून वही काढली, शनिवारचं पान उघडलं आणि काचेला चिकटवून धरलं. त्यांनी चष्मा वर केला. वरून खाली बोट नेत चौथ्या ओळीपाशी थांबवलं आणि आतून काचेवर दोनदा टकटक केलं.

गाडी निघाली तेव्हा उन्हाची तिरीप त्यांच्या खिडकीवर होती. त्यांनी वळून बघितलं नाही, कारण ते आधीच वळून बसले होते. पुढच्या सीटकडे पाठ आणि तोंड माझ्याकडे.